फडताळाच्या दारासंबंधीचा किरकोळ अर्ज

मनुष्याला इतर प्राण्यांहून वेगळं काढणारी गोष्ट म्हणजे त्याची न्यायबुद्धी. दोन कुत्री एका हाडावरून भांडली तर दीड मिनिटात निकाल लागतो, तो दोघांनाही समजतो, आणि हाड जागच्या जागी असतं. इतक्या मागासलेल्या अवस्थेतून वर यायला माणसाला हजारो वर्षं झटावं लागलं. आज आपल्याकडे दावा आहे, अर्ज आहे, फिर्याद आहे, अपील आहे, पुनर्विलोकन आहे, दरखास्त आहे. आणि 'पण हाड कुठे गेलं?' असं कुणी विचारलंच, तर त्याची चौकशी कोणत्या खिडकीवर करायची नाही, हे सांगणारा कारकूनही आहे.

हा कारकून म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. कोर्टाच्या दाखल-खिडकीवर त्यांनी चौतीस वर्षं काढली. खिडकीला जाळी होती आणि जाळीच्या तळाशी एक अर्धगोल भोक होतं. कागद आत जावा आणि बोलणं बाहेर राहावं, इतक्याच मापाचं. भाऊजींचं काम न्याय देण्याचं नव्हतं. (ते वरच्या मजल्यावर चाले, निदान जिन्यात तसा बाण काढलेला होता.) आलेला कागद नेमक्या कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखायचं आणि तो त्या प्रकारचा असायला नको होता हे पक्षकाराला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. ते त्यांनी अशा निष्ठेने केलं की वकीलमंडळी त्यांना 'हरकतराव' म्हणत. खिडकीवर येणाऱ्या दर शंभर कागदांपैकी एकसष्ट समास न सोडल्याबद्दल परत जात, बावीस चुकीच्या प्रकारात आणल्याबद्दल, सोळा या दोन्हींबद्दल, आणि एक दाखल होई. (तो दाखल झालेला कागद भाऊजी चहाला गेले असताना आलेला असे.)

लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले तेव्हा मी कॉलेजात होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "भाऊजी, दावा आणि अर्ज यांत फरक काय हो?" पानं वाढली होती साडेअकराला. उठलो चारला.

"सोपं आहे," ते म्हणाले होते. "दाव्यात माणूस म्हणतो, हे माझं आहे. अर्जात म्हणतो, हे मला मिळावं. फिर्यादीत म्हणतो, ते राहू द्या, आधी त्याला धरा. मनाईत म्हणतो, त्याला थांबवा. कॅव्हेटमध्ये म्हणतो, मला विचारल्याशिवाय त्याचं काही ऐकू नका. अपिलात म्हणतो, खालच्यांना कळलं नाही. पुनर्विलोकनात म्हणतो, साहेब, तुम्हालाच कळलं नाही. पण हे त्याच साहेबांना सांगायचं असल्यामुळे आवाज जरा खाली ठेवतात."

"आणि दरखास्त?"

"ती जिंकल्यावर करायची."

"जिंकल्यावर कशाला?"

"जिंकलेलं मिळावं म्हणून."

"मग जिंकल्यावर काय मिळतं?"

"नक्कल," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी भातावर ताक घेतलं.

त्या क्षणी माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर निर्माण झाला तो पुढे छत्तीस वर्षं टिकला. ताईचाही टिकला असता, पण तिला त्यांच्याबरोबर राहायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी भाऊजी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी कचेरीने त्यांना हत्यारांची एक निळी पेटी भेट दिली. हातोडी, पकड, लहानमोठे सहा स्क्रू-ड्रायव्हर, सगळं आपापल्या खाचेत. माणूस घरी बसला की घराला उपयोगी पडावा, असा सहकाऱ्यांचा उदात्त हेतू होता. भाऊजींनी ती पेटी वरच्या चकचकीत कागदासकट कपाटावर ठेवून दिली. मुद्देमाल आला तसा मोहोरबंद ठेवावा, हा नियम.

त्याच आठवड्यात ताईच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या उजव्या दाराची वरची बिजागरी सुटली. म्हणजे बिजागरी जागेवर होती. तिचा एक स्क्रू खाली ओट्यावर पडला होता. तेव्हापासून ते दार आपलं आपण उघडतं. अगदी सावकाश, आवाज न करता. ताई ओट्याखालून साखरेचा डबा काढून उभी राहते नेमकी त्याच वेळी. दाराची खालची कड आणि ताईचं कपाळ यांच्या उंचीत एका बोटाचाही फरक नाही. सुताराने माप घेतलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

"अहो, तेवढा स्क्रू बसवा ना," ताई म्हणाली.

"बघतो," भाऊजी म्हणाले.

('बघतो' हा शब्द कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडत नाही, पण तहकुबीचे जे अकरा प्रकार भाऊजींनी मला सांगितले आहेत, त्या सगळ्यांचं तात्पर्य त्यात आलेलं आहे.)

दोन वर्षांत हे संभाषण सुमारे दोनशे वेळा झालं. मोठी टेंगळं एकोणीस. लहान ताईने मोजली नाहीत. तू स्वतः का नाही बसवलास, असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मी बसवला असता रे. पण मग तो यांनी बसवलेला नसता." माझी बहीण कोर्टात नव्हती, तरी तिला दाव्याचं कारण आणि दाव्याची मागणी यांतला फरक असा उपजत कळत होता.

एका सोमवारी सकाळी विसावं टेंगूळ आलं. हे भुवईच्या वर, ठसठशीत. ताईने डबा खाली ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागल्या महिन्याचं पान फाडलं, त्याच्या पाठीवर 'अहो, आज स्क्रू बसला नाही तर मी भावाकडे जाते' असं लिहिलं, आणि ते भाऊजींच्या चहाच्या कपाखाली सरकवलं.

दुसरा कुणी नवरा असता तर घाबरला असता, चिडला असता, किंवा त्याने तो कागद वाचलाच नसता. भाऊजींनी चष्मा लावला. चौतीस वर्षांची सवय हाताला आपोआप आठवते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला, खिशातलं लाल पेन काढलं आणि पंधरा मिनिटांत तो ताईला परत केला. खाली लिहिलं होतं:

(१) प्रस्तुत कागद दावा आहे, अर्ज आहे की नोटीस, याचा बोध होत नाही.
(२) डाव्या बाजूस समास सोडलेला नाही.
(३) प्रतिपक्षाचा उल्लेख 'अहो' असा केला आहे. या नावाची व्यक्ती अभिलेखात आढळत नाही.
(४) 'जाते' म्हणजे कायमचे की तात्पुरते? तात्पुरते असल्यास कालावधी नमूद करावा.
(५) मागच्या बाजूस तारखा छापलेल्या असून त्यांपैकी कोणती दाखल तारीख समजावी?
(६) प्रत जोडलेली नाही.
सबब, दुरुस्तीसाठी परत.

यात भाऊजींचा काही वाईट हेतू होता, असं समजू नये. त्यांच्या मते त्यांनी बायकोला मदतच केली होती. कागद फेटाळला नव्हता, दुरुस्तीसाठी परत केला होता, आणि या दोहोंतला फरक कळायला लोकांना जन्म जातो.

साडेनऊला ताई आमच्या दारात उभी. एका हातात उशी, दुसऱ्या हातात पिशवी.

"काय गं, अशी अचानक?"

"माझा कागद परत आला," ताई म्हणाली आणि आत येऊन बसली.

आमच्या हिने तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि हळद आणली. मग ताईने पिशवीतून चष्मा, औषधांची डबी आणि रुमालाच्या गाठीत बांधलेला एक स्क्रू काढून टेबलावर ठेवला.

"स्क्रू पण आणलास?"

"मग काय? तिथे ठेवला असता तर सापडत नाही म्हणाले असते." तिने गाठ परत बांधली. "स्क्रू त्यांनी बसवल्याशिवाय मी त्या घरात पाय ठेवणार नाही. आणि मी भांडणार पण नाही. त्यांना कागदच पाहिजे ना? कागद देते. आण रे तुझा तो रेघांचा कागद. समास केवढा सोडायचा असतो?"

अशा रीतीने माझ्या बहिणीचा संसार एका स्क्रूवर येऊन थांबला. पेटी भाऊजींकडे होती, स्क्रू ताईकडे, आणि दोन घरांमध्ये अकरा मिनिटांचा रस्ता होता: पोस्ट, शिंप्याचं दुकान, सार्वजनिक नळ, आणि भाऊजींच्या इमारतीचे बावन्न पायऱ्यांचे जिने. तो रस्ता पुढच्या नऊ दिवसांत मी सव्वीस वेळा तुडवला. माझी नेमणूक कागद पोचवणारा बेलीफ म्हणून झाली. (नेमणुकीचा हुकूम कुणी काढला नाही. मेहुण्याच्या नेमणुकीला हुकूम लागत नाही.)

ताईने रीतसर दावा लिहिला. 'वादी: गृहिणी, वय अठ्ठावन्न, धंदा घरकाम, निवृत्ती नाही. प्रतिवादी: वय बासष्ट, धंदा पूर्वी हरकती काढणे, हल्लीही तोच.' मी तो नेऊन दिला तेव्हा भाऊजींनी आधी मजकूर वाचला नाही. कागद उजेडात धरून डावीकडची मोकळी जागा पाहिली.

"समास सोडलाय," ते म्हणाले. "मेहुणे, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा हिने समास सोडलाय."

"मग येऊ दे का तिला परत?"

"छे! आता तर दावा दाखल झालाय. आता कैफियत द्यावी लागेल."

कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर. वादीने जे म्हटलं ते खरं आहे हे माहीत असताना ते कोणत्या भाषेत नाकारावं, याचं ते शास्त्र आहे. भाऊजींची कैफियत अडीच पानांची होती. तीत फडताळ असल्याचं कबूल होतं. त्याला दार असल्याचंही कबूल होतं. 'दार उघडते याबद्दल वाद नाही. कारण उघडणे हा दाराचा धर्मच आहे. वादीच्या कपाळावरील टेंगूळ प्रतिवादीने पाहिले आहे, परंतु ते येताना पाहिलेले नाही. दावा मुदतीत नाही. स्क्रू दोन वर्षांपूर्वी पडला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, स्वयंपाकघर सर्वस्वी वादीच्या ताब्यात व वहिवाटीत असून तेथे काय होते याची जबाबदारी वादीची आहे. प्रतिवादी तेथे फक्त चहा मागण्यापुरता जातो.'

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवावं. भाऊजींनीही ठेवायला हवं होतं.

ताईने चष्मा पुसत पुसत सगळं ऐकलं. "मुदतीचं सांग त्यांना," ती म्हणाली. "स्क्रू दोन वर्षांपूर्वी पडला, पण डोकं रोज नव्याने आपटतं. मुदत रोज सकाळी साडेसहाला सुरू होते."

मी हे तोंडी सांगितल्यावर भाऊजींनी लाल पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "ही वकील व्हायला हवी होती."

"मग तुमचा स्क्रू कुणी बसवला असता?"

"प्रश्न असंबद्ध," भाऊजी म्हणाले.

पुढची अडचण न्यायाधीशाची होती. तोवर दाखल करून घेणारे भाऊजी, प्रतिवादी भाऊजी आणि निवाडा करणारेही भाऊजीच, असा प्रकार चालला होता. तो तत्त्वाला धरून नाही, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. तेव्हा आमच्या हिला न्यायाधीश नेमण्यात आलं. आमच्या घरात ती हे काम लग्नापासून करते. फक्त तिला निकालाची कारणं द्यायची सवय नाही. ती भाजी निवडत होती. दोन्ही बाजूंचे कागद मी तिला वाचून दाखवले. तिसऱ्या परिच्छेदाला तिने हात वर केला.

"बसवा म्हणावं स्क्रू."

"एवढंच?"

"अजून काय? दार आहे, स्क्रू आहे, माणूस घरी रिकामा आहे. बसवा म्हणावं."

हा हुकूमनामा मी दोन ओळींत लिहून घेतला आणि निघालो. मनात म्हटलं, सुटलो. रस्त्यात शिंप्याने मान वर करून विचारलं, "झाला का निकाल?" एव्हाना गल्लीला सगळं ठाऊक झालं होतं. मी म्हटलं, झाला. तो म्हणाला, "म्हणजे आता खरं सुरू होणार." त्याच्या भावाचा कसलातरी दावा होता. मशीनवरून नजर न काढता तो हे बोलला, त्यामुळे मला ते जास्तच लागलं.

शिंप्याचं खरं ठरलं. भाऊजींनी निकाल डोक्याला लावला, त्याची नक्कल मागितली, आणि त्यावर अपील केलं. वरिष्ठ न्यायालय म्हणून त्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, नेमलं. त्यांचं वय ऐंशी, ऐकू कमी, आणि कारभार सगळा फोनवर. सुनावणीला मी हजर होतो. भाऊजींनी अपिलाचे सात मुद्दे सुमारे वीस मिनिटं ओरडून मांडले. पलीकडून एकच प्रश्न आला.

"ती घरात नाही, तर तू जेवतोस काय?"

"अक्का, तो मुद्दा अपिलात नाही."

"काय जेवलास ते सांग!"

"...भात."

"नुसता?"

"गाढवा," असं म्हणून अक्कांनी फोन ठेवला. भाऊजींनी शांतपणे नोंद केली: 'अपील खर्चासह नामंजूर.'

पुनर्विलोकनाचा मार्ग शिल्लक होता. पण त्यासाठी आमच्या हिला, तुझंच चुकलं, असं सांगणं भाग होतं, आणि ते कागद घेऊन जाणारा बेलीफ मी होतो. मी बजावणीला नकार दिला. बेलीफलाही जिवाची भीती असते.

आता निकाल कायम झाला होता. तरी स्क्रू रुमालातच होता. मी चिडून विचारलं तेव्हा भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने खिडकीबाहेरच्या खेडवळ पक्षकाराकडे ते पाहत असावेत. "हुकूमनामा झाला म्हणजे काम झालं असं कुणी सांगितलं तुम्हाला? तिने दरखास्त द्यायला हवी. न मागता हुकुमाची अंमलबजावणी झाली तर उद्या लोक कोर्टात कशाला येतील?"

ताईने दरखास्त दिली. चारच ओळी. 'हुकुमाप्रमाणे काम न केल्यास प्रतिवादीची आरामखुर्ची जप्त करून वादीच्या ताब्यात द्यावी.' आमच्या हिने मटार सोलता सोलता 'मंजूर' म्हटलं.

त्या खुर्चीवर भाऊजी निवृत्तीपासून बसलेले होते. मी घ्यायला गेलो तर उठून बाजूला उभे राहिले, आणि खुर्चीचा पंचनामा त्यांनी स्वतः सांगितला, मी लिहून घेतला: डाव्या हातावर चहाचा डाग, उजवा हात गुळगुळीत, बैठक मध्यभागी खोल. मग मी ती डोक्यावर घेऊन बावन्न पायऱ्या उतरलो. शिंप्याने विचारलं, "बदली झाली का?" मी उत्तर दिलं नाही. डोक्यावर खुर्ची असली की माणसाला उत्तर देण्याचा अधिकार राहत नाही.

ताईने खुर्ची आमच्या खिडकीपाशी ठेवली. पण ती तिच्यावर बसली नाही. संध्याकाळी पाहिलं तर ती खुर्चीच्या हातावरचा चहाचा डाग ओल्या फडक्याने पुसत होती. "डाग पंचनाम्यात आहे," मी म्हटलं. "पुसू नकोस."

"गप रे," ताई म्हणाली. "नुसता भात खातायत म्हणे."

तिकडे भाऊजींच्या घरात बसायला आता एकच वस्तू उरली होती: स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल. आठव्या दिवशी सकाळी साडेसहाला ते त्या स्टुलावर, ओट्यापाशी, फडताळाखाली बसून जप्तीवरच्या हरकतीचा मसुदा करत होते. चहात साखर नाही हे त्यांच्या लक्षात आलं. ते वाकले, ओट्याखालून डबा काढला, आणि उठले.

दार आधीच उघडलं होतं. सावकाश, आवाज न करता.

नवव्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. भुवईच्या वर, ठसठशीत. ताईचंच माप. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण त्यांनी माझ्या हातात तीन पानी दावा ठेवला. वादी: भाऊजी. प्रतिवादी: ताई. 'स्वयंपाकघर सर्वस्वी प्रतिवादीच्या ताब्यात असल्याचे पूर्वीच शाबीत आहे. तेथील फडताळाचे दार धोकादायक स्थितीत ठेवल्यामुळे वादीच्या कपाळास दुखापत झाली असून वेदना अजून चालू आहेत. सबब, सदर दार तत्काळ दुरुस्त व्हावे.' समास दोन्ही बाजूंना सोडलेला होता.

मी तो ताईपुढे ठेवला. तिने वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला. मग माझ्याकडून पेन घेऊन तिने खाली कैफियत लिहिली. ती मी आजवर पाहिलेली सर्वांत लहान कैफियत.

'सर्व मजकूर कबूल. लागलं का फार?'

भाऊजींनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. असा चेहरा मी त्यांचा निरोप समारंभातही पाहिला नव्हता. ते उठले, कपाटातून जुन्या नोंदवह्यांची नावं लिहिलेली एक यादी काढली, बोट फिरवत वाचू लागले. दाव्यांची वही. अर्जांची. किरकोळ अर्जांची. अपिलांची. दरखास्तींची. कॅव्हेटची. परत केलेल्या कागदांची. (ही सर्वांत जाड.)

"काय शोधताय?"

"हा कागद कशात घ्यायचा? तिला दार दुरुस्त व्हायला हवंय. मलाही हवंय. तिचं म्हणणं मला कबूल, माझं तिला. मग वाद कुठाय? वाद नाही तर दावा नाही. दावा नाही तर त्यात अर्ज नाही. चौतीस वर्षांत असा कागद खिडकीवर एकदाही आला नाही हो." ते खरोखर घाबरलेले दिसत होते. "याला वहीच नाही."

"मग बसवा की स्क्रू."

कपाटावरची निळी पेटी काढून तिच्यावरची धूळ भाऊजींनी बाहीने पुसली, पेटी काखेत मारली, पायांत चपला सरकवल्या, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा अकरा मिनिटांचा रस्ता स्वतः चालले. मी मागे. शिंप्याने मशीन थांबवलं.

आमच्या दारात ते उभे राहिले. ताई समोर. दोघांच्या कपाळावर एकाच उंचीला टेंगूळ. तिचं पिवळं पडलेलं, यांचं ताजं.

"कागद?" ताईने हात पुढे केला.

"आणला नाही."

आमच्या हिने मटाराची ताटली बाजूला ठेवली. नऊ दिवसांत प्रथमच न्यायालय कामकाजाकडे लक्ष देत होतं.

"मला," भाऊजी म्हणाले आणि थांबले. पेटीवरचा चकचकीत कागद नखाने उचकटू लागले. "मला स्क्रू बसवता येत नाही. कधी बसवला नाही. कोणत्या बाजूला फिरवायचा तेही माहीत नाही."

"अहो, मग हे आधी सांगायचं की!"

"कोणत्या प्रकारात?" भाऊजींनी विचारलं. अगदी मनापासून विचारलं.

ताईने पदराआडून रुमाल काढला आणि गाठ सोडायला घेतली. नऊ दिवसांत ती फार घट्ट बसली होती. शेवटी भाऊजींनी दातांनी सोडवली.

"स्टूल डुगडुगतं गं ते," ते हळूच म्हणाले. "धरशील का जरा?"

स्क्रू बसेपर्यंत पाय न ठेवण्याचा पण तहकूब करून ताई त्यांच्याबरोबर घरी गेली, आणि काम चार मिनिटांत झालं. त्यांतली अडीच मिनिटं पेटीचा कागद काढण्यात गेली, आणि एक मिनिट स्क्रू उलटा फिरवण्यात. "उजवीकडे, अहो, उजवीकडे," एवढाच काय तो युक्तिवाद. आता दार उघडलं तरच उघडतं. भाऊजी दिवसातून पाचसहा वेळा जाऊन ते उघडून बघतात. आरामखुर्ची मी डोक्यावरून परत पोचवली. डाग गेलेला असल्याने त्यांनी ती 'हरकत राखून' स्वीकारली.

तर, न्यायदानाच्या निरनिराळ्या प्रकारांतला फरक हा असा आहे. यातून काही बोध निघत असेल तर आमच्या हिने तो त्याच दिवशी काढला. आमच्या न्हाणीघराच्या दाराची कडी तीन वर्षांपासून बसत नाही. (आमच्या घरी सगळ्यांना गाता येतं, असा जो लौकिक आहे, त्याचं कारण हे.) भाऊजी-ताई जिना उतरून गेल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बघितलंत?"

मी म्हटलं, "बघतो." आधी हे सगळं प्रकरण नीट लिहून काढतो, मग कडी.

आता तुम्ही हसाल. हसा. पण तुमच्या घरातही एक दार, नळ, कडी किंवा खुंटी आहे, आणि 'तेवढं बघा ना' असं तुम्हाला कुणीतरी सांगून ठेवलेलं आहे. ताईचं विसावं टेंगूळ आलं तेव्हा ते तुम्हाला आठवलं होतं. तरी तुम्ही म्हणालात, आधी हे वाचून संपवू. ही तहकुबी मी मंजूर केली होती. ती आता संपली. उठा. आणि ते काम झालं की तुमचा स्क्रू-ड्रायव्हर तेवढा आमच्याकडे पाठवा. भाऊजींकडे मी मागितला होता, पण ती चिठ्ठी दुरुस्तीसाठी परत आली आहे.

मधल्या मापाचा असला तरी चालेल.